उतरवलेली वर्दी

जुनी वस्तू नव्याने उभी करणे हे चांगले काम आहे, याविषयी आपल्यात सहसा दुमत नसते. मोडकळीस आलेले घर सावरणारा, पाने सुटलेल्या गीतपुस्तकाची पुन्हा बांधणी करणारा, वर्षानुवर्षे मुके झालेले भिंतीवरील घड्याळ बोलते करणारा माणूस आपल्या कौतुकास पात्र ठरतो. तथापि या कौतुकाच्या आड एक प्रश्न दडलेला असतो व तो आपण क्वचितच विचारतो. जुन्या वस्तूला तिचे पूर्वरूप देताना आपण तिचे सत्य तिला परत करतो, की आपल्या आवडीचे एखादे सोंग तिच्यावर चढवतो? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका अगदी ऐहिक वस्तूच्या निमित्ताने करणार आहोत. ती वस्तू म्हणजे लष्करी घाटाची जुनी जीपगाडी.

रत्नागिरीत एखाद्या घराच्या पडवीत किंवा परसातील पत्र्याच्या छपराखाली अशी जीप खोलून बसलेला हौशी गृहस्थ आढळतो. कुणी ती लष्करी लिलावातून आणलेली असते, कुणी एखाद्या बागाइतदाराच्या खळ्यातून. सुट्टीच्या दिवशी पाने, हातोडी, रॉकेलचा डबा आणि वेल्डिंगचे यंत्र घेऊन घरची माणसे तिच्याभोवती जमतात. गंजून बसलेला एखादा बोल्ट दोन-दोन दिवस रॉकेल पाजूनही हलत नाही, आणि हलला की घरात सणासारखा आनंद होतो. हा छंद पोरकट आहे असे आम्हांस वाटत नाही. त्याच्या पोटी जो नैतिक प्रश्न आहे, तोही पोरकट नाही.

या गाडीची जन्मकथा थोडक्यात अशी. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या, चारही चाकांना गती देणाऱ्या वाहनाची मागणी काढली आणि पहिला नमुना सादर करण्यास अवघ्या ४९ दिवसांची मुदत दिली. बॅंटम या लहानशा कंपनीने ती पाळली. पुढे विलीस आणि फोर्ड या दोन कारखान्यांनी मिळून दुसरे महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर काढल्या. सैन्याची अट अशी होती की, एका कारखान्याचा भाग दुसऱ्या कारखान्याच्या गाडीस बसलाच पाहिजे. फोर्डने आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उमटवले होते. परंतु रणांगणावर अक्षर पाहण्यास सवड कुणाला? एका मोडलेल्या गाडीचे अवयव काढून दुसरी चालती केली जाई. त्यामुळे युद्धातून परतलेल्या विलीस जीपमध्ये फोर्डचे बोल्ट सापडणे यात नवल नाही. ज्या वस्तूचे 'मूळ स्वरूप' आपण शोधावयास निघालो, ती वस्तू तिच्या ऐन उमेदीच्या काळातच पुष्कळदा संमिश्र झालेली होती.

मग मूळ ते कोणते? आपल्या कोकणातील माणसाला हा प्रश्न वाटतो तितका परका नाही. पावसाळ्यापूर्वी आपण घर शाकारतो. फुटकी कौले काढतो, नवी घालतो. एखादे वर्षी वासे बदलतो, एखादे वर्षी रीप. तीस-चाळीस वर्षांत छपराचा कणन्‌कण बदललेला असतो. तरीही 'हे आमच्या आजोबांनी बांधलेले घर' असे आपण म्हणतो, आणि ते खोटे नसते. आपल्या देशातील एका अत्यंत प्राचीन संवादातही हाच विचार आलेला आहे. 'मिलिंदप्रश्न' या ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे नेमके काय? आस म्हणजे रथ? चाक म्हणजे रथ? की जू? कोणताही एक भाग रथ नव्हे, हे राजाला मान्य करावे लागते. या साऱ्या भागांच्या मेळाला आपण व्यवहारात 'रथ' हे नाव देतो, इतकेच.

आम्हांस वाटते, या मेळात आणखी एक गोष्ट मिळवली पाहिजे, ती म्हणजे अखंड साक्ष. घराचा वासा कोणत्या वर्षी बदलला हे घरातील कुणाला तरी ठाऊक असते, म्हणून ते घर तेच राहते. जीपचेही तसेच आहे. भाग बदलल्याने तिचे सत्य हरवत नाही. बदल लपवल्याने मात्र ते हरवते.

रत्नागिरीच्या हवेत हा लपवण्याचा मोह अधिकच. येथील खारा वारा आणि जून ते सप्टेंबर अखंड कोसळणारा पाऊस लोखंडाचा वैरी आहे. जीपच्या पत्र्याला आतून गंज धरतो आणि वरून रंग शाबूत दिसत असतानाच पायाखालची तळपाटी चाळणीसारखी झालेली असते. अशा वेळी दोन मार्ग असतात. भोकावर पुट्टी फासावी, घासून गुळगुळीत करावी आणि वर रंग मारावा. पहिल्याच पावसापर्यंत गाडी नव्यासारखी दिसते. दुसरा मार्ग कष्टाचा. गंजलेला पत्रा निरोगी धातू लागेपर्यंत कापून काढावा, नवा पत्रा वेल्डिंगने जोडावा, दोन्ही बाजूंस रेड ऑक्साइडचा हात द्यावा आणि मगच रंगाचा विचार करावा. बाहेरून पाहणाऱ्यास दोहोंतील भेद कळत नाही. तो कळतो करणाऱ्याला, आणि पुढे कधी तरी त्या तळपाटीवर विसंबून पाय ठेवणाऱ्याला.

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी १९६४ साली व्हेनिस येथे तज्ज्ञांनी एक सनद तयार केली. तिच्यातील दोन तत्त्वे येथे उपयोगी पडतील. जेथे अंदाज सुरू होतो तेथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, हे पहिले. गहाळ भागाच्या जागी बसवलेला नवा भाग एकूण आकृतीशी सुसंगत असावा, तरी जुन्यापासून वेगळा ओळखता यावा, हे दुसरे. २०१२ साली ऐतिहासिक वाहनांसाठीही ट्यूरिन सनद तयार झाली. घरच्या पडवीत काम करणाऱ्याने या सनदा वाचलेल्या नसतात. परंतु तो कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एखादा भाग नव्याने घडवून आणतो आणि त्याच्या आतल्या बाजूस वर्ष कोरून ठेवतो, तेव्हा तो नकळत त्याच सनदेचे पालन करीत असतो.

येथे कुणी म्हणेल, इतके सोवळे कशाला? जुन्या जीपचे ब्रेक एकाच नळीवर चालत; ती नळी फुटली की चारही चाके निकामी. आंबा घाटाच्या उतारावर 'मूळ स्वरूप' जपत बसावयाचे काय? मुळीच नाही. ज्या गाडीत आपण मुलाबाळांना बसवणार, तिच्यात जीव आधी आणि इतिहास मागाहून. ब्रेक सुधारावेत, पट्टे बसवावेत. फक्त विचारणाऱ्यास ते सांगावे. वाहनाचा बदल हा दोष नाही. त्याविषयीचे मौन हा दोष होऊ शकतो.

आता कायद्याकडे वळू. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे, चेसिस, सांगाडा वा इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत, अशी त्यांत अट आहे. मात्र १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांपैकी १२१ वा नियम सांगतो की, ऑलिव्ह ग्रीन हा रंग केवळ संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे. म्हणजे लष्करातून निवृत्त झालेली जीप मूळ स्वरूपात जपावयाची, परंतु तिचा मूळ रंग मात्र तिला द्यावयाचा नाही! हौशी मंडळी या विसंगतीवर चिडतात. आम्हांस मात्र तीत एक शहाणपण दिसते. निवृत्त जवान आपली पदके जपून ठेवतो. परंतु वर्दी चढवून बाजारात हिंडत नाही. वर्दी त्याच्या देहाची नसते, ती त्याच्या कर्तव्याची असते. कर्तव्य संपले की ती उतरवावी लागते, आणि उतरवल्याने त्याने केलेल्या सेवेचे मोल कमी होत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी या प्रश्नाने काही काळ चांगलीच तेढ निर्माण केली होती. घरातील जीप उंच बॉनेटची होती. जाणकार सांगतील की उंच बॉनेटची ही बनावट १९५३ नंतरची; मुंबईत महिंद्र कंपनीने ती दीर्घकाळ तयार केली आणि आपल्या सैन्याने ती वापरली. दुसऱ्या महायुद्धाशी तिचा काहीही संबंध नाही. घरातील तरुण नातवाच्या मनात मात्र बॉनेटवर दोस्त राष्ट्रांचा पांढरा तारा रंगवावा, '१९४४' असा आकडा घालावा, असे होते. पुढेमागे गाडी विकावयाची झाल्यास 'महायुद्धातील जीप' म्हणून दाम अधिक येईल, असा हिशेबही त्यामागे होता. आजोबा स्वतः सैन्यात चालक होते. ते इतकेच म्हणाले, "बाळा, माझं मेडल लावून तू लग्नाला जाशील का रे?" नातू गप्प राहिला. तारा रंगवला गेला नाही. परंतु नातवाचे समाधान झाले असेही नाही. "गाडीला काय कळतंय, आजोबा?" हा त्याचा प्रश्न तसाच राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयास हवे. गाडीला कळत नाही हे खरे. परंतु त्या ताऱ्याखाली जे मेले त्यांचा, आणि जो ती गाडी विश्वासाने विकत घेईल त्याचा, आपल्याशी काही संबंध आहे. दुसऱ्याच्या दुःखाची खूण शोभेसाठी वापरणे, हे एक प्रकारचे उसने मोठेपण आहे. कोकणाला युद्ध काही गोष्टीतून ठाऊक झालेले नाही. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैमध्ये इटलीत शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. आपल्याच परिसरातील किती घरांत भिंतीवर वर्दीतला तरुण चेहरा आणि त्यावर वाळलेला हार असतो. तेथे पांढऱ्या ताऱ्याची नक्कल थट्टेसारखी वाटेल.

तरीही या वाहनाच्या वाट्याला जे आले ते एकरंगी नव्हते. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये खेमकरण भागात हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटर तोफेने शत्रूचे रणगाडे फोडले आणि प्राण वेचले. मरणोत्तर परमवीरचक्र त्यांच्या नावे आहे. त्याआधी पंधरा वर्षे, १९५० च्या ऑक्टोबरमध्ये, कोरियाच्या रणभूमीवर फादर एमिल कापॉन यांनी जीपच्या बॉनेटवर वस्त्र अंथरून मिस्सा अर्पण केली. ते छायाचित्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. पुढच्याच महिन्यात ते पकडले गेले आणि १९५१ च्या मे महिन्यात युद्धकैद्यांच्या छावणीत मरण पावले. संतपदाच्या वाटेवरील 'पूजनीय' हा दर्जा त्यांना २०२५ साली मिळाला. एकाच घाटाच्या गाडीवर कुठे तोफ चढली, कुठे वेदी मांडली गेली. पत्रा दोन्हीकडे पत्राच होता. त्याला पाप लागले नाही आणि पुण्यही लागले नाही; ते दोन्ही माणसाकडेच राहिले. म्हणूनच गाडी जपणाऱ्याने तिच्याकडून खोटी साक्ष वदवू नये. तिने जे वाहिले तेवढेच तिच्या नावावर असू द्यावे.

आणखी एक आक्षेप उरतो, आणि तो हलका नाही. शेजारच्या घरी औषधपाण्याची ओढाताण असताना जुन्या लोखंडावर इतका पैसा आणि वेळ घालवणे योग्य काय? छंद कुटुंबाच्या पोटावर आला, किंवा केवळ मिरवण्यासाठी राहिला, तर तो अयोग्यच. परंतु आज वस्तू बिघडली की फेकावयाची, ही रीत घराघरांत रुजली आहे. अशा काळात जुन्या यंत्राशी धीराने वागण्यास शिकणारे मूल आणखीही काही शिकत असते. आटे जपून फिरवावे लागतात, बळजोरी केली की बोल्ट तुटतो, कोणता भाग कशाच्या आधारे उभा आहे हे पाहिल्याशिवाय काही काढावयाचे नसते. हे शिकलेला हात पुढे शेजाऱ्याचा पंप दुरुस्त करावयास गेला, तर त्या छंदाचे देणे काही अंशी फिटले.

आमची सूचना साधी आहे. जो कुणी आपल्या पडवीत अशी गाडी उभी करीत असेल, त्याने तिच्यासोबत एक वही ठेवावी. गाडी कोठून आली, चेसिसवर कोणता क्रमांक होता, कोणता पत्रा कापला, कोणता भाग कोठून घडवून आणला, कोणती गोष्ट समजली नाही म्हणून तशीच ठेवली, हे सारे तारखेनिशी तीत लिहावे. रंग कोणताही असो, राखाडी असो वा निळा, वहीच्या पहिल्या पानावर तिचा मूळ रंग नोंदवावा. आणि गाडी दुसऱ्याच्या हाती जाईल त्या दिवशी किल्लीबरोबर ती वहीही द्यावी.