खालच्या गावचा शेजारी

ज्या माणसाचा चेहरा आपण कधी पाहिलेला नाही, त्याच्याविषयी आपले काही कर्तव्य असते काय? नीतिशास्त्रातील हा जुना प्रश्न नदीकाठच्या शहरांनी आज नव्याने उभा केला आहे.

पंचगंगेचे उदाहरण पाहा. ही नदी कोल्हापूरवरून इचलकरंजीकडे येते आणि शिरोळ तालुक्यातील गावांना पाणी देत नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वरच्या शहराचे सांडपाणी खालच्या गावाच्या वाट्याला येते. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली, माणसे दगावली आणि पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. परंतु वस्त्रोद्योगाच्या या शहराचे स्वतःचे सांडपाणीही त्याच नदीतून शिरोळकडे जात आले आहे. वरच्याचे ज्याने भोगले, त्यानेच ते खालच्याला भोगावयास लावले.

सांडपाणी नदीत पडले की त्यातील घाणीवर जगणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू संपवितात व मासे गुदमरतात. नत्र आणि स्फुरद यांवर जलपर्णी पोसते. शुद्धीकरण केंद्रात हेच जीवाणू टाकीत वाढवून, त्यांना हवा पुरवून, पाणी नदीत जाण्यापूर्वीच त्यांच्याकडून ते काम करवून घेतात. ही हवा विजेवर मिळते. विजेचे बिल थकले की यंत्रे थांबतात, जीवाणू मरतात आणि केंद्र उभे असूनही घाण नदीत जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. शुद्ध होत होते सुमारे २० हजार.

असे का व्हावे? केंद्राचा खर्च वरच्या गावाने करावयाचा आणि लाभ खालच्या गावाला मिळावयाचा, हे त्याचे मूळ आहे. खालच्या माणसाला वरच्या नगरपालिकेत मत नाही. म्हणून रस्त्यांना व दिव्यांना पैसा मिळतो, गटाराच्या पलीकडे काय होते हे कोणी विचारीत नाही. सर्वांनी मिळून केलेला अपराध कोणाचाच ठरत नाही.

लहान नगरपालिका गरीब असते, असे कोणी म्हणेल. यात तथ्य आहे. तथापि जेथे जागा आहे तेथे उथळ तळ्यांत सूर्यप्रकाश, शेवाळ व जीवाणू यांच्या साहाय्याने, जवळजवळ विजेवाचून, सांडपाणी शुद्ध करता येते. असमर्थता आणि अनास्था यांत फरक केलाच पाहिजे.

यहेज्केलाच्या ३४व्या अध्यायात धष्टपुष्ट मेंढरांना दोष दिला आहे. स्वतः स्वच्छ पाणी प्याल्यावर उरलेले ती पायांनी गढूळ करितात, आणि मागच्या मेंढरांना तेच प्यावे लागते. तहान लागणे हा अपराध नव्हे. मागून येणाऱ्याचा विसर पडणे हा अपराध होय.

तेव्हा, वाचकहो, मते मागावयास उमेदवार दारी येईल त्या वेळी, आपल्या गावचे शुद्धीकरण केंद्र गेल्या वर्षी किती दिवस चालले, एवढे त्यास अवश्य विचारावे. आणि मलनिस्सारणाचा कर भरताना, ज्याला आपण कधी भेटणार नाही त्या शेजाऱ्याचे हे देणे आहे, असे समजून तो भरावा.