नाममुद्रा आणि लोकवाणी

१६५९च्या नोव्हेंबरात महाबळेश्वरजवळच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला. या प्रसंगावरील अज्ञानदासाचा पोवाडा उपलब्ध मराठी पोवाड्यांत अतिशय जुना मानला जातो. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१मध्ये पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. तेव्हापासून अशा रचनांकडे ‘राष्ट्राचा आवाज’ म्हणून पाहण्याची सवय आपल्याला जडली. ही सवय तपासून पाहणे आवश्यक आहे.

गीतातून समाजाचा आत्मा बोलतो, ही धारणा आधुनिक काळात प्रतिष्ठित झाली ती मुख्यतः हेर्डरमुळे. मात्र त्याच्या १७७८-७९च्या लोकगीतसंग्रहात अनेक जनसमूहांची गाणी शेजारी शेजारी होती. आर्निम आणि ब्रेंटानो यांचा १८०५-०८चा संग्रह जर्मन गीतांपुरता राहिला. नेपोलियनच्या आक्रमणाच्या त्या काळात गीतसंग्रह हे राष्ट्रबांधणीचे साधन बनले. या संपादकांनी जुन्या गीतांत मुक्तहस्ते फेरफार केले. रचनाकार जितका अनामिक, तितके गीत ‘लोकांचे’, असा एक अलिखित संकेत रूढ झाला. पुढे १९३३ ते १९४५ या काळात नाझी राजवटीने हीच गीते युवक संघटनांच्या संचलनात जुंपली. यासाठी हेर्डरला दोषी धरणे अन्यायाचे होईल. परंतु ‘लोक’ नावाच्या अमूर्त कर्त्याला जाब विचारता येत नाही, हे त्यातून दिसून आले.

पोवाड्याची रीत याहून वेगळी आहे. शाहीर अखेरीस आपले नाव गुंफतो. अज्ञानदास तर मिळालेल्या इनामाचाही उल्लेख करतो. हा आवाज आश्रिताचा आहे, तटस्थ नव्हे. पण तो आपले आश्रितपण लपवीत नाही. नाममुद्रा ही केवळ स्वामित्वाची खूण नसून उत्तरदायित्वाची कबुली असते. म्हणूनच प्रतिवादही शक्य होतो. १८६९मध्ये जोतीराव फुले यांनी शिवाजीमहाराजांवरील पोवाडा आपल्या नावानिशी रचला आणि त्या चरित्राला शेतकरी-शूद्रांच्या बाजूने नवा अर्थ दिला. एकाच नायकावर दोन नावांनी दोन दावे उभे राहतात, तेव्हा इतिहास वादविषय म्हणून जिवंत राहतो.

यावर आक्षेप येईल की जात्यावरची ओवी अनामिकच आहे. परंतु दळणारी स्त्री ओवीत आपल्या भावाचे, लेकाचे, गावाचे नाव घालते. तिचे ‘आम्ही’ ओळखीच्या माणसांनी भरलेले असते. राष्ट्राच्या ‘आम्ही’त ही माणसे गळून जातात.

तेव्हा राष्ट्राने गीत आपले म्हणू नये, असा याचा अर्थ नाही. त्याने ते गाणाऱ्याच्या नावासह, आश्रयदात्यासह आणि प्रतिवादासह स्वीकारावे. आपल्या पाठ्यपुस्तकांतील वेच्यांतून नाममुद्रेचे कडवे वगळले जाते, तेव्हा आपण केवळ एक ओळ गमावत नाही. ज्याला प्रश्न विचारता आला असता, असा माणूस गमावतो.