ओळख पटली नाही

अश्दोदला आमच्या घरामागे हातभर बाग आहे. निवृत्त झाल्यापासून मी तेथे एक उद्योग आरंभिला आहे. आठवड्यातून दोन रात्री कण्हेरीशेजारी पांढरी चादर टांगावयाची, तिच्यापुढे दिवा लावावयाचा, व जे पतंग येऊन बसतील त्यांची नावे वहीत लिहावयाची. (शुक्रवारी नाही. शब्बाथला पकडणे वर्ज्य आणि लिहिणेही वर्ज्य. पतंगांनाही तेवढीच विश्रांती.) पतंगाचे दिव्यावर प्रेम असते असे आपण ऐकत आलो. २०२४ साली प्रसिद्ध झालेले संशोधन वेगळेच सांगते. रात्रीही आकाश जमिनीहून उजळ असते, म्हणून हे किडे उजेडाकडे पाठ ठेवून उडतात. जवळचा दिवा त्यांना चकवितो व ते घिरट्या घालीत राहतात. म्हणजे माझा दिवा ही फसवणूकच. तासाभराने मी तो मालवितो.

कण्हेरीवरचा मोठा हिरवा पतंग, हिब्रूत रफ्राफ हाहर्दुफ, ओळखावयास सोपा. कोकणातही हाच. अलिबागेस आमच्या अंगणातील तगरीवर त्याचा निळ्या डोळ्यांचा सुरवंट असे, आणि आम्ही पोरे त्याला काडीने डिवचीत असू. अडचण येते ती बारक्या करड्या पतंगांची. युपिथेसिया या वंशातील कित्येक जाती वरून सारख्याच दिसतात. नक्की नाव हवे तर त्याला मारून, पोटाच्या टोकाचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात.

वाचकहो, एका नावासाठी एक जीव घ्यावा काय? वटवाघळे आणि पाली रोज कितीतरी पतंग खातात. त्यात एकाची भर पडली तर काय बिघडले, असे जाणकार म्हणतात. त्यांना क्रूर म्हणण्याचा मला अधिकार नाही. ज्या पुस्तकावरून मी पतंग ओळखतो ते अशाच टाचून ठेवलेल्या पतंगांवरून लिहिलेले आहे. त्यांनी रांधले, मी वाढून घेतो. तरीही माझ्याच्याने बाटली उचलवत नाही.

मग उरतो तिसरा मार्ग: अंदाजाने नाव ठोकून द्यावे. कोण पाहावयास येतो?

हा मार्ग माझ्या परिचयाचा आहे. १९७९ साली, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील एका खेडेगावी मी नवा मास्तर होतो. लावणीच्या दिवसांत निम्मी मुले शेतावर. तपासणी आली म्हणून मी त्यांची हजेरी भरून टाकली. त्यांतला एक मुलगा पुन्हा आलाच नाही. पटावर तो हजर होता, म्हणून त्याच्या घरी कोणी चौकशीस गेले नाही. मीही गेलो नाही.

असो. परवा एक करडा पतंग चादरीवर बसला. नात म्हणाली, "सबा, काहीतरी नाव लिही ना, वही वाईट दिसते." मी लिहिले: 'युपिथेसिया, जातीची ओळख पटली नाही, १.' मग दिवा मालवून चादर हळूच कण्हेरीवर झटकली.