कंडू आणि तितिक्षा

अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत आणि तिच्या आसपासच्या दाटीच्या वस्त्यांत, आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे वाळेनासे होतात तेव्हा, नायटा आणि खरूज ही घरोघरची दुखणी होतात. परंतु ताप आल्याचे मनुष्य जितक्या मोकळेपणाने सांगतो तितक्या मोकळेपणाने अंगाला खाज सुटल्याचे सांगत नाही, कारण तापाची कैफियत ऐकून लोक जवळ येतात आणि खाजेची ऐकून दूर सरतात.

या दुराव्याला आपल्या धर्मविचाराचाही हातभार लागला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. कर्मविपाकाच्या ग्रंथांनी त्वचेचे विकार पूर्वपापाच्या खाती जमा केले, आणि भागवताच्या सातव्या स्कंधात प्रल्हादाने विषयसुखाला खाजवण्याची उपमा दिली. उपमा मार्मिक आहे, कारण खाजवल्याने क्षणभर सुख होऊन कंडू दुणावतो. परंतु खरजेचा सूक्ष्म जीव त्वचेत बीळ करून राहिला म्हणजे रात्री अंथरुणाच्या उबेत जी आग उठते, ती वासनेची नव्हे. मूत्रपिंडे निकामी झालेल्या किंवा पित्त तुंबलेल्या रोग्याच्या अंगावर तर पुष्कळदा पुरळही नसते, आणि आपली फिर्याद शाबीत करण्यास त्याच्यापाशी स्वतःच्याच नखांचे ओरखडे एवढाच दाखला उरतो.

अँटॉप हिलपासून जवळच, वडाळ्याला, १८९० साली स्थापन झालेले अ‍ॅक्वर्थ कुष्ठरुग्णालय आहे. कुष्ठाच्या चट्ट्याला बहुधा स्पर्श कळेनासा होतो, कंडूग्रस्ताला वस्त्राचा स्पर्शही सोसवत नाही. तरीही संवेदना हरपलेल्या आणि संवेदनेने गांजलेल्या अशा दोघांवर पापाचा एकच शिक्का बसला. कुष्ठाचा जंतू हॅन्सनने १८७३ मध्ये पाहिला, तेव्हापासून तरी या शिक्क्याला कोणता आधार उरला?

राहिला प्रश्न तितिक्षेचा, म्हणजे निमूटपणे सोसण्याचा. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियस्पर्श सोसावयास सांगितले आहे, कारण ते येणारे-जाणारे, अनित्य आहेत. परंतु जो कंडू महिनोन्‌महिने रोज रात्री ठरल्या वेळी हजर होतो, निद्रा हरण करतो, चित्त एकाग्र होऊ देत नाही, चारचौघांत हात लपवावयास लावतो आणि अखेर मनुष्याला स्वतःच्या देहाचीच शिसारी आणतो, त्याच्या पुढ्यात हे अनित्यत्व बुद्धीला पटले तरी मनाला आधार देत नाही. सोसणे हे ज्याचे त्याने पत्करावयाचे व्रत आहे. निरोगी मनुष्याने रोग्यावर बजावावयाचा तो हुकूमनामा नव्हे. खरजेचे औषध, घरात एकालाच खाज असली तरी, सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते, अंथरुणे-पांघरुणेही तेव्हाच धुवावी लागतात; ज्याला काहीच होत नाही असा भाऊ त्या रात्री बिनतक्रार गळ्यापासून तळव्यापर्यंत मलम चोपडून घेतो, त्याचे ते करणे मला कोणत्याही प्रवचनाहून अधिक धार्मिक वाटते.