अर्धवट कार्डाचा हिशेब

ब्रिटनमधल्या गोल्फ क्लबात मासिक मेडल स्पर्धेचा निकाल फलकावर लागतो, तेव्हा यादीच्या तळाशी काही नावांपुढे आकड्याऐवजी ‘एनआर’ लिहिलेले असते. नो रिटर्न. खेळाडू मैदानात उतरला, काही होल खेळला आणि कार्ड न देताच घरी गेला. अनेक क्लब याकडे काणाडोळा करतात; ज्याचा खेळ बिघडला त्याने तो सोडला, त्यात इतरांचे काय गेले, अशी समजूत असते. काही क्लब थेट नोटीस आणि बंदीचा बडगा उगारतात. मला दोन्ही गैर वाटतात. इतरांचे बरेच काही जाते, आणि नुसत्या बडग्याने ते परत मिळत नाही.

काय जाते हे समजण्यासाठी हँडिकॅपची, म्हणजे खेळाडूच्या कुवतीनुसार मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीची, घडण पाहावी लागते. 2020पासून जागतिक हँडिकॅप पद्धत देशोदेशी लागू होत गेली, भारतातही ती आहे. शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या सर्वोत्तम 8 फेऱ्यांच्या सरासरीवरून खेळाडूचा हँडिकॅप ठरतो. शिवाय त्या दिवशी मैदान किती अवघड होते, हेही ही पद्धत खेळाडूंच्या कार्डांवरूनच ताडते. किमान 8 ग्राह्य कार्डे आली आणि एकूणच खेळ अपेक्षेपेक्षा घसरलेला दिसला, तर 3 फटक्यांपर्यंत सूट मिळते. आता समजा, समुद्राकडून वारा सुटला आहे, पाऊस आडवा झोडपतो आहे. ज्यांची फेरी कोलमडली ते दहा-बारा जण आठव्या होलनंतर परतले. उरलेली कार्डे अर्थातच त्यातल्या त्यात बरी. गणित म्हणते, दिवस ठीकठाक होता. जे भिजत, कुडकुडत अठराव्यापर्यंत पोचले त्यांची हक्काची सूट निघून गेलेल्यांमुळे बुडते, आणि बहुतेकांना ते कधी कळतही नाही.

दुसरे नुकसान उघड दिसणारे आहे. मेडलसारख्या स्ट्रोक प्लेमध्ये, म्हणजे एकूण फटके मोजण्याच्या प्रकारात, प्रत्येकाचे कार्ड बरोबरचा खेळाडू लिहितो, तोच मार्कर. शेवटी दोघांच्या सह्या लागतात. दोघेच खेळत असताना एक जण बाराव्या टीवरून पार्किंगकडे वळला, तर दुसऱ्याच्या हातात उरते ते गेलेल्याचे निरुपयोगी कार्ड, आणि त्याचे स्वतःचे कार्ड गेलेल्याच्या ओल्या खिशात. ते मागून घ्यायचे, मागच्या गटासाठी थांबायचे, कोणाला तरी मार्कर व्हायला सांगायचे, पुढे कमिटीची मान्यता मिळवायची. चांगला लागलेला हात तिथेच जातो. आपले जेवण उरकले तरी पंगत उठेपर्यंत आपण पानावर बसून राहतो; शेजारच्याचा तेवढा मान इथेही राखायला हवा.

तरीही सोडून जाणाऱ्याला कायमचा शिक्का मारू नये. 1921मध्ये सेंट अँड्रूजच्या ओल्ड कोर्सवर, ब्रिटिश ओपनच्या तिसऱ्या फेरीत, 19 वर्षांच्या बॉबी जोन्सला पहिल्या नऊ होलना 46 फटके लागले. दहाव्यावर सहा. अकराव्यावर चेंडू बंकरमध्ये अडकला आणि त्याने तिथेच स्पर्धा सोडली. त्याची खंत त्याने पुढे उघडपणे सांगितली. 1925च्या यूएस ओपनमध्ये चेंडू हलल्याचे इतर कोणी पाहिले नव्हते, तरी याच जोन्सने स्वतःवर एक फटक्याचा दंड घेतला आणि अखेर प्लेऑफमध्ये स्पर्धा गमावली. 1927मध्ये त्याच ओल्ड कोर्सवर त्याने ओपन जिंकली, 1958मध्ये सेंट अँड्रूजने त्याला आपले सन्माननीय नागरिक केले. 1921च्या त्या दुपारी कोणी त्याच्यावर कायमचा दरवाजा बंद केला असता, तर तोटा खेळाचाच होता.

म्हणून क्लबने आधी कारण विचारावे, आणि समोर बसवून विचारावे. पाठ धरली, घरून तातडीचा फोन आला, तर पुढे बोलण्यासारखे काही नाही. अशा वेळी किमान दहा होल झाले असले, तर 2024च्या सुधारित नियमांनुसार उरलेल्या होलांचा अपेक्षित हिशेब धरून कार्ड नोंदीत घेता येते. कारण पटण्यासारखे नसेल, तर पेनल्टी स्कोअर लावण्याचा अधिकार कमिटीला आहे. तो वापरायला कमिट्या कचरतात, कारण समोरचा रोजच्या उठण्या-बसण्यातला असतो. पण याहून न्याय्य उपाय मला दिसत नाही, कारण झाकलेले तेवढेच तो उघडे करतो. वाईट फेऱ्या दडवून छोटा हँडिकॅप मिरवणाऱ्याच्या नोंदीत मोठा आकडा घालता येतो. छान चाललेली फेरी मुद्दाम टाकून हँडिकॅप फुगवणाऱ्याच्या, आणि मग बक्षिसाच्या दिवशी तो वटवणाऱ्याच्या, नोंदीत छोटा. हा दुसरा प्रकार मी कितीतरी गंभीर मानतो. तिथे सरळ लबाडी आहे. तो पुन्हा पुन्हा घडला तर प्रवेश बंद करायला हरकत नाही. तशीही त्या जागेची वाट पाहत, टी टाइम न मिळालेले सभासद घरी बसलेले असतात.

सोडून जाणाऱ्यांची नावे ठळक करून फलकावर लावायला मात्र माझा ठाम विरोध आहे. त्यांत संकोचाने गेलेले बरेच असतात. 28 हँडिकॅपचा नवा सभासद, पार चारच्या होलवर अकरा फटके, मागे खोळंबलेला गट. हँडिकॅपच्या हिशेबात त्या होलचे सात किंवा फार तर आठच धरले जातात, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. अशाच माणसांनी एक-दोन होल बिघडताच हाय खाऊ नये, म्हणून डॉ. फ्रँक स्टेबलफर्डने आपली गुणपद्धत आणली. 1932मध्ये वॉलसीच्या क्लबात तिची स्पर्धा झाली. 2019च्या नियमांनी ‘मॅक्सिमम स्कोअर’, म्हणजे प्रत्येक होलला फटक्यांची कमाल मर्यादा, हा प्रकारही दिला. या दोन्हींत होल अर्धवट सोडून पुढे जाता येते. मोठ्या हँडिकॅपच्या गटासाठी महिन्याची स्पर्धा यांपैकीच असावी, निव्वळ स्ट्रोक प्लेचे मेडल मोजक्या दिवसांपुरते ठेवावे. आणि नव्या सभासदाला सुरुवातीच्या स्पर्धांत एखादा जुना, शांत स्वभावाचा मार्कर द्यावा, जो त्या अकराव्या फटक्याच्या आधीच म्हणेल, ‘उचला चेंडू, आठ लिहितो, चला पुढच्या टीवर.’