सल्ला आणि संसार

आषाढीनंतर आम्ही रोहिणखेडास कीर्तनाला गेलो होतो. सेवा आटोपली, आरती झाली, मग मंडळी ओसरीवर बसली. बांधाचा तंटा, मुलीचे स्थळ, कापूस ठेवावा की विकावा, जो तो विचारी आणि आम्ही सांगत गेलो. बुवांना शास्त्र येते म्हणजे सगळेच येते, असे लोकांस वाटते. हल्ली आम्हासही तसेच वाटू लागले आहे, हे खरे दुखणे.

एकाने भावाभावांच्या वाटणीचे विचारले. थोरल्याने सोडून द्यावे, असे आम्ही तत्काळ सांगितले. कोपऱ्यातले एक म्हातारबुवा म्हणाले, “महाराज, तुमचं अन् तुमच्या भावाचं बोलणं सुरू झालं का जी?” आम्ही गप्प. नऊ वर्षे झाली.

सांगणारा चुकला म्हणून सांगणे चुकत नाही. दिवा धरणारा आंधळा असला तरी उजेड खराच. हा युक्तिवाद आम्ही मलकापूर येईतो घोळविला. तो मोडला तुकोबारायांनी. 1630 च्या दुष्काळानंतर त्यांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविली, हे आम्ही शेकडो वेळा रंगविले आहे. पण महिपतीबुवांनी दिलेला बारकावा रंगात सुटतो. निम्मी खते त्यांनी आधी कान्होबांच्या हाती दिली. बुडविली ती स्वतःच्या वाट्याची. भावाचा वाटा त्यांनी आपल्या वैराग्यात धरला नाही. आणि आम्ही? दुसऱ्याचा वाटा सोडवून नारळ घेऊन घरी येतो!

परवा भावास कार्ड टाकले आहे. उत्तर अजून नाही. तोवर कोणी वाटणीचे विचारले, तर वकिलाकडे जा म्हणतो.