जाणार कुठे?

कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात रविवारी ही गर्दी लोटली होती आणि वाघाचा मात्र पत्ता नव्हता. समोर खंदक, पलीकडे उंच गवत, बांबूची बेटं, झाडांची सावली. बस्स. आजी, आई-बाबा, ताई आणि आठ वर्षांचा धाकटा कठड्याशी ताटकळत उभे होते.

"तिकिटाचे पैसे पाण्यात," बाबा म्हणाले. शेजारच्या पोरांनी शिट्ट्या सुरू केल्या होत्या. बाबांनीही तोंडाशी हात धरून हाळी दिली, "ए वाघोबा, ऊठ की!" ताई हसली. धाकटा आजीच्या पदराआड सरकला.

घरी पाहुणे आले की बाबा त्यालाही असंच बोलवत. "कविता म्हणून दाखव", "तेवीसचा पाढा म्हण". पोरगं पलंगाखाली जाऊन बसे आणि बाबा दंडाला धरून त्याला बाहेर काढत. मुलगा हुशार आहे, तो चारचौघांना दिसावा, एवढीच त्यांची इच्छा. प्रेमापोटीच सगळं. पण पलंगाखालून ते प्रेम कसं दिसतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिथला रखवालदार आला. "साहेब, ओरडू नका. इथे गोंगाट करून प्राण्यांना त्रास देणं हाही वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. आणि या उन्हात वाघ झोपणारच. त्याचं फिरणं पहाटे नाहीतर संध्याकाळी."

"मग एवढी जागा देऊन उपयोग काय? पिंजऱ्यात निदान दिसला तरी असता."

"दिसायचा की," आजी बाकावर टेकत म्हणाली. "आमच्या लहानपणी पेशवे पार्कात अगदी समोर दिसायचा. खाली फरशी, पुढे गज. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, त्याच कोपऱ्यात वळायचा, पुन्हा तेच. आम्ही टाळ्या पिटायचो. वाटायचं, काय रुबाब आहे!"

"रोज दिसायचा?" धाकट्यानं विचारलं.

"रोज. जाणार कुठे?"

एकाच वाटेवरच्या अशा अखंड येरझाऱ्या म्हणजे रुबाब नव्हे, कोंडमारा, हे आता प्राण्यांचे जाणकार स्पष्ट सांगतात. 1999 मध्ये कात्रजला सुमारे 130 एकरांवर हे नवं संग्रहालय सुरू झालं आणि पेशवे पार्कातले प्राणी इकडे हलवले गेले. वाघाच्या आणि आपल्या मध्ये गजांऐवजी खंदक आला, आणि आपल्याकडे पाठ करून पडायला त्याला जागा मिळाली. मला विचाराल तर प्राणिसंग्रहालयाची खरी परीक्षा हीच. तिथल्या प्राण्याला लपता येतं का?

कंटाळून गर्दी पांगली. बाबाही निघाले होते, पण धाकटा हलेना. आजी त्याच्याच बाजूची. मग सगळेच बसले. बराच वेळ कुणी बोललं नाही.

"तो काय," धाकटा हळूच म्हणाला.

बांबूच्या बुंध्याशी, गवतात, दोन पांढरे ठिपके होते. वाघाच्या कानांमागचे. माशी बसली की एक ठिपका फडफडायचा आणि पुन्हा स्थिर व्हायचा. अंगावरचे पट्टे गवताच्या उभ्या सावल्यांत असे मिसळून गेले होते की एवढं मोठं जनावर समोर असून नसल्यासारखं होतं. मघापासून शंभरेक माणसं त्याच्याकडेच बघून परत गेली होती.

बाबांना ते ठिपके सापडायला वेळ लागला. "तुला कसा रे दिसला?"

"मी असतो तर तिथेच लपलो असतो."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. मोबाइल काढायला खिशात घातलेला हात तसाच राहिला.

पुढच्याच आठवड्यात बाबांच्या ऑफिसातले स्नेही सहकुटुंब आले. चहा झाला, पोहे झाले. "चिरंजीव कुठे आहेत? बोलवा की. पाढे फार छान म्हणतो म्हणे!"

"आत आहे," बाबा म्हणाले. "वाटलं की येईल बाहेर."

"अहो, पण आम्ही निघू आता थोड्या वेळात."

"मग बसा की निवांत," बाबांनी पोह्यांची बशी पुढे सरकवली. "घाई काय आहे?"